पावणेपाचची नोट

ज्ञानदाने ती बातमी पाठवली तेव्हा पावणेपाच झाले होते, आणि बातमी ज्या मतदानाची होती ते मतदान अजून व्हायचं होतं. त्यात तिला वावगं काही वाटलं नाही. आमदार शिवानंद अण्णांच्या सोलापुरातल्या, शुक्रवार पेठेच्या संपर्क कार्यालयात ती नऊ वर्षं प्रेसनोट लिहीत होती, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक नोटा घटना घडायच्या आधीच जात. तालुक्याची पानं सहाला सुटतात. अण्णा साडेसहाला नारळ फोडणार असले तर 'नारळ फोडला' हे चारलाच लिहून द्यावं लागतं. वार्ताहरांनाही ते माहीत असतं; ते फक्त विचारतात, "फोडणार ना नक्की?" नऊ वर्षांत अण्णांनी ठरलेला नारळ फोडला नाही असं एकदाच झालं होतं, तेही वादळात मंडप उडाला म्हणून.

त्या दिवशी नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू होतं. सभागृहापुढे गायरानांचं विधेयक होतं. गावोगावची चराऊ जमीन सरकारने ताब्यात घ्यायची आणि सौर प्रकल्पांना, गोदामांना भाडेपट्ट्याने द्यायची. अण्णा सत्ताधारी पक्षाचे; पण त्यांच्या मतदारसंघाच्या दक्षिणेला माळावर मेंढपाळांची वीसेक गावं होती. दुपारी ते बोलायला उभे राहिले आणि सहा मिनिटांत त्यांनी स्वतःच्याच सरकारला धुऊन काढलं. "माळावरचं गवत पडीक नाही, अध्यक्ष महोदय, ते मेंढरांचं ताट आहे. ते ताट ओढायला माझा हात पुढे येणार नाही." हा तुकडा अर्ध्या तासात वळसंगपासून होटगीपर्यंत प्रत्येक फोनवर फिरला.

साडेचारला अण्णांचा स्वीय सहायक सुबोध याचा नागपुरातून फोन आला. "ताई, अण्णा पेटलेत. विरोधातच जाणार. मतदान सातच्या पुढे आहे, तू नोट आत्ताच सोड." ज्ञानदाने लिहिलं : आमदार शिवानंद अण्णा यांनी पक्षादेश झुगारून गायरान विधेयकाच्या विरोधात मतदान केले. खाली भाषणातली दोन वाक्यं टाकली, फोटो जोडला आणि नोट सोडली.

सव्वासातला विरोधकांनी मतविभागणी मागितली. एरवी आवाजी मतदान होतं. 'होय'चा गलका उठतो, कोण काय म्हणालं ते कुणाला कळत नाही आणि कुठे राहतही नाही. विभागणीची गोष्ट वेगळी. घंटा वाजते, दारं बंद होतात आणि एकेक सदस्य उभा राहून आपलं नाव आणि क्रमांक सांगतो. ते सगळं कार्यवाहीत उतरतं. अण्णा विधेयकाच्या बाजूच्या रांगेत उभे राहिले. नाव सांगितलं, क्रमांक सांगितला : एकशे एकोणचाळीस. आणि खाली बसले.

आठला सुबोधचा परत फोन. "ताई, ती नोट थांबव."

"पानं सुटली की."

"अगं, वरून निरोप आला. अण्णांनी बाजूने दिलं."

दहा मिनिटांनी तिसरा फोन आला. "अण्णा म्हणतात, राहू दे. छापून आलं तर येऊ दे. एवढं कोण बघतंय?"

कुणीच बघितलं नाही. दोन दैनिकांच्या तालुका पानांवर बातमी आली, एकात फोटोसह. मुंबईच्या बातम्यांत विधेयक किती मतांनी मंजूर झालं एवढंच होतं. खुलासा गेला नाही. ज्ञानदाने कात्रण फायलीत लावलं, तारीख घातली, आणि त्या विषयावर कार्यालयात पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, एका शनिवारी सकाळी, त्याच बातमीचं कात्रण प्लॅस्टिकमध्ये घालून मायाप्पा कार्यालयात आला.

मायाप्पा हा वळसंगच्या पुढच्या दोड्डीवाडीचा. वय सत्तरीच्या आतबाहेर, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं. गावातल्या बिरोबाची पूजा त्याच्या घराण्याकडे होती आणि त्याच्या कळपात शंभराच्या वर मेंढरं होती. दोड्डीवाडीच्या गायरानाची, दोनशे बारा एकरांची, नोटीस महिन्याभरापूर्वी तहसीलच्या फलकावर लागली होती. हरकती द्यायला तीस दिवस होते. येत्या बुधवारी ते संपत होते.

गावात दोन तट पडले होते. मायाप्पाची नातसून सोनम ग्रामपंचायतीची सदस्य होती, सोलापुरात कॉलेज शिकलेली. तिने एकशे चाळीस जणांच्या सह्यांसाठी हरकतीचा अर्ज टाइप करून आणला होता. दुसऱ्या तटाचं म्हणणं, अण्णांनी मनाई केलीय. अण्णांनी मनाई केली होती हे खरं होतं. "कागदावर भांडायला लागलात की अधिकारी हट्टाला पेटतात," असं ते गावकऱ्यांना म्हणाले होते. "माझी भूमिका काय आहे ते पेपरात वाचलंय ना तुम्ही? मग गप बसा. मी वरून थांबवतो." सोनम सगळ्यांना सांगत होती की अण्णांनी कायद्याच्या बाजूनेच मत दिलंय, ऐकीव आहे पण पक्कं आहे, सभागृहाच्या कार्यवाहीची नक्कल मागवलीय. नक्कल अजून आली नव्हती.

मायाप्पा ज्ञानदाच्या टेबलासमोर बाकावर न बसता खाली फरशीवर टेकला. तिने वर बसा म्हटलं तरी बसला नाही.

"अक्का, हे तुमच्या हातचं हाय म्हनं," तो कात्रण पुढे करत म्हणाला.

"हो बाबा. बातम्या इथूनच जातात."

"मला वाचाया येत न्हाय. नातसून वाचून दावती. आन वाचून झालं की तीच म्हनती, आज्जा, छापल्यालं समदं खरं नसतंय. म्हटलं, बरं. मेंढरू घेताना बी आमी दात बघतो. कागदाला कुटलं आलं दात? जिनं लिव्हलं तिलाच इचारू."

कोपऱ्यात पाणी भरणारी शिवबाई हसली. ज्ञानदाही हसली. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि अण्णा फोनवर कुणाशी तरी मोठ्याने बोलत होते.

"उद्या देवळात समदा गाव बसनार हाय," मायाप्पा म्हणाला. "अर्ज द्यायचा का न्हाय, ते ठरवायला. म्या म्हटलंय, मी भंडारा उचलतो. अन्नांनी इरोधात मत दिलं म्हून. मग कुनाला बोलायला जागा न्हाय."

भंडारा उचलणं म्हणजे काय हे ज्ञानदाला माहीत होतं. अकरा वर्षं ती त्या गावांच्या बातम्या लिहीत होती. देवापुढच्या हळदीच्या राशीत हात घालायचा, मूठ भरायची आणि बोलायचं. कोर्टात खोटं बोललेली माणसं दोड्डीवाडीत चार-दोन होती, ती उजळ माथ्याने हिंडत होती. भंडारा उचलून खोटं बोललेला एकही नव्हता. तसा कुणी निघाला तर त्याच्या हातचं पाणी देव घेत नाही, त्याच्या हाताखाली मेंढरू वाढत नाही, असं सगळे मानत. आणि मायाप्पा ते सगळ्यांहून जास्त मानत असे, कारण भंडाऱ्याची राखण त्याच्याकडेच होती.

"म्हून इचारतो," तो म्हणाला. "अन्नांनी इरोधात मत दिलं. व्हय का न्हाय?"

"छापून आलंय ना, बाबा."

"छापल्यालं ऱ्हाऊ द्या. तुमी सांगा."

मी तिथे नव्हते, एवढं ती म्हणू शकली असती. ते खरंही होतं. हे उत्तर तिला नंतर सुचलं, आणि पुढे कित्येक दिवस सुचतच राहिलं. त्या घडीला तिच्या डोक्यात अर्धं उघडं दार होतं. आणखी एक गोष्ट होती. कागदोपत्री ज्ञानदा अण्णांच्या शिक्षण संस्थेच्या शाळेत ग्रंथपाल होती. शाळेचं ग्रंथालय तिने वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी पाहिलेलं. पण त्या जागेला कायम मान्यता मिळायचा प्रस्ताव अण्णांच्या सहीने गेला होता आणि महिन्याभरात मंजूर होऊन येणार होता.

"हो," ज्ञानदा म्हणाली.

मायाप्पाने कात्रण कपाळाला लावलं. कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढला आणि उजव्या अंगठ्याने तिच्या कपाळावर ओढला. "बास. माजं काम झालं."

तेवढ्यात अण्णा बाहेर आले. "काय मायाप्पा, आमच्यावर भरवसा न्हाय व्हय?"

"तुमच्यावर हाय की, अन्ना. पर तुमी लई लांब असता. खुंटा जवळचा लागतो."

अण्णा खो खो हसले. "घ्या! आमची ज्ञानदा खुंटा झाली." मग त्यांनी मायाप्पाच्या पाठीवर थाप मारली, शिवबाईला चहा सांगितला आणि गाडीत बसून गेले. कात्रणाबद्दल ते हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत.

घरी गेल्यावर ज्ञानदाने तोंड धुतलं. कपाळाचा पिवळा डाग टॉवेलवर उतरला. तो दोनदा साबण लावूनही गेला नाही, हळदीचा जात नाहीच. रात्रभर तिने स्वतःची समजूत घातली. या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. हळद ती हळद. पण तिचा विश्वास असण्या-नसण्याचा प्रश्नच नव्हता, हे पहाटेपर्यंत तिच्या ध्यानात आलं. मूठ मायाप्पा भरणार होता. आणि त्या मुठीवर एकशे चाळीस सह्या थांबणार होत्या.

सकाळच्या एसटीने ती वळसंगला उतरली, तिथून वडाप जीपने दोड्डीवाडीच्या फाट्यावर, आणि पुढे दीड किलोमीटर चालत. तिने ठरवलं होतं : गर्दी जमायच्या आत मायाप्पाला गाठायचं, बाजूला घ्यायचं आणि सांगायचं, बाबा, भंडारा उचलू नका. का म्हणून विचारलं तर तेही सांगायचं. पुढचं पुढे.

पण मेंढपाळांचं गाव उन्हाच्या आधी उठतं. ती पोचली तेव्हा देवळासमोरच्या लिंबाखाली दीडशे माणसं बसली होती. बाया एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. अण्णांचे दोन कार्यकर्ते फोन उभे धरून चित्रण करत होते. सोनम अर्जाची फाइल घेऊन पायरीवर उभी होती. आणि मायाप्पा, अंघोळ केलेला, उघड्या अंगाने, देवळाच्या उंबऱ्यात.

त्याने तिला लांबूनच पाहिलं.

"बगा!" तो ओरडला. "म्या सांगितलं न्हवतं? बाई सोता आल्यात! सोलापुरास्नं चालत आल्यात साक्षीला!"

दीडशे माणसं वळली. बायांनी सरकून वाट दिली. कुणीतरी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मायाप्पाची बायको म्हाळसाबाई पुढे आली, तिने ज्ञानदाचा हात धरला आणि तिला थेट पायरीपर्यंत नेलं. "देवच आला म्हना की तुमच्या रूपानं," ती म्हणाली. "कालधरनं घरात नुसती भांडणं."

"बाबा, जरा इकडे येता?" ज्ञानदा हळू आवाजात म्हणाली. "थोडं बोलायचंय."

"बोला की. हितंच बोला. समद्यांस्नी ऐकू द्या."

सोनम दोन पायऱ्या खाली उतरली. पंचविशीची पोर, डोळ्यांत रात्रीचं जागरण. "ताई, तुम्ही आलात ते बरं झालं. मी साधा प्रश्न विचारते. अण्णांनी मत कुणीकडं दिलं?"

कार्यकर्त्यांपैकी एकाने फोन जवळ आणला. ज्ञानदा तांब्यातलं पाणी प्यायली. आता, असं तिला वाटलं. आणि तोंडातून निघालं ते अकरा वर्षांच्या सवयीचं निघालं.

"अण्णांची भूमिका पहिल्यापासून विरोधाचीच आहे."

"भूमिका न्हाय विचारली," सोनम म्हणाली. "मत विचारलं."

ज्ञानदाने मायाप्पाकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, सोनमकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"पावन्या बाईला किती छळशील गं? त्यांनी काल मला सांगितलंय. तोंडावर सांगितलंय." आणि ज्ञानदाने 'बाबा' म्हणून हात पुढे करेपर्यंत तो आत वळला. देवापुढच्या राशीत त्याने उजवा हात कोपरापर्यंत घातला, मूठ बाहेर काढली आणि वर धरली. हळद बोटांतून गळत होती.

"बिरुबाच्या नावानं सांगतो. शिवानंद अन्नांनी आमच्या गायरानासाटी इरोधात मत दिलंया. हे खोटं असंल तर हा हात माजा न्हाय."

त्याने मूठ आभाळात उधळली. ढोल वाजला. बायांनी पदर कपाळाला लावले. दोन मिनिटांत सगळं संपलं होतं. सोनमने फाइल बंद केली. ती रडली वगैरे नाही. फाइलीचा दोरा तिने नीट गाठ मारून बांधला आणि आज्जाच्या पाया पडली, कारण भंडारा उचललेल्याच्या पाया पडायची रीत होती. ज्ञानदाच्या अंगावरही हळद उडाली होती. म्हाळसाबाईने तिला जेवायला थांबवलं. ताटात भाकरी, आमटी आणि मायाप्पाच्या हातची लोण्याची गोळी होती. ती तिने खाल्ली.

संध्याकाळी सुबोधने ते चित्रण कार्यालयाच्या गटावर टाकलं. खाली अण्णांचा अंगठा आला. सोमवारी ते तिला म्हणाले, "तू स्वतः जाशील असं वाटलं नव्हतं. हे झालं कामाचं माणूस."

बुधवार आला आणि गेला. सोनमने एकटीच्या नावाने हरकत दिली. तहसीलच्या अहवालात एका ओळीत आलं : 'एक अर्ज वगळता ग्रामस्थांचा विरोध आढळून आला नाही.' पुढच्या आठवड्यात ज्ञानदाच्या जागेला मान्यता मिळाली. शिवबाईने पेढे मागितले, तिने आणले.

पावसाळ्यानंतर माळावर सिमेंटचे खांब उतरले. मग तारा आल्या. दोड्डीवाडीची मेंढरं कुंपणाच्या बाजूने चालत, डांबरी रस्त्याने, दुसऱ्यांच्या शिवारात जायला लागली आणि हाकलून परत यायला लागली. दिवाळीच्या आत गावातले नऊ कळप विकले गेले.

नक्कल त्याच सुमाराला आली. कार्यवाहीची दोन पानं, शिक्का असलेली. सोनमने ती देवळासमोर वाचली. बाजूने मत देणाऱ्यांची नावं होती, अनुक्रमांकाने. एकशे एकोणचाळीसवर ती थांबली आणि तोच आकडा, अण्णांच्या नावासकट, तिने परत वाचला. गर्दीत मायाप्पा होता. त्याने विचारलं, "ह्ये बी छापल्यालंच हाय न्हवं?" सोनम म्हणाली, "व्हय आज्जा. पर हे तिथंच बसून लिव्हल्यालं हाय. समोर बघून." तो उठून घरी गेला.

ही बातमी फिरायला लागली तशी अण्णांनी ज्ञानदाला आत बोलावलं. समोर टाइप केलेलं पत्र होतं. 'कार्यालयीन कर्मचाऱ्याकडून मतदान होण्यापूर्वीच अनवधानाने वृत्त प्रसृत झाले. त्याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली तिचं नाव.

"अण्णा, त्याच रात्री फोन आला होता. तुम्हीच म्हणालात, राहू दे."

"सुबोध म्हणाला असेल," अण्णा शांतपणे म्हणाले. "मला सांग, नोट मतदानाच्या आधी गेली होती का नाही?"

"गेली होती."

"तू लिहिली होतीस का नाही?"

"मीच लिहिली."

"मग यात खोटं काय आहे? आणि एक आठव. या अडीच-तीन वर्षांत माझ्या तोंडून तू कधी ऐकलंस, की मी विरोधात मत दिलं? सभेत, गावात, कुठे? मी भूमिका सांगतो. भूमिका माझी आजही तीच आहे."

ज्ञानदाने आठवून पाहिलं. सगळ्या नोटा, सगळी भाषणं तिनेच लिहिलेली, फायली तिच्याच कपाटात. अण्णा खरं बोलत होते. ते वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नव्हतं. ते एकदा तिने लिहिलं होतं, एकदा तिने 'हो' म्हणून सांगितलं होतं, आणि एकदा मायाप्पाने हळदीची मूठ भरून.

तिने सही केली. खुलासा तिसऱ्या पानावर तळाला आला, चार ओळी. निवडणुकीत अण्णा पुन्हा आले. दोड्डीवाडीतही त्यांना मताधिक्य मिळालं, कमी झालं पण मिळालं. कुंपणाच्या आतल्या रखवालीच्या अकरा नोकऱ्या त्यांनी गावातल्या पोरांना लावून दिल्या होत्या.

निकालानंतरच्या रविवारी ज्ञानदा पुन्हा वळसंगला उतरली. या वेळी तिला कुणी पाहिलं नाही. मायाप्पाचं घर देवळाच्या मागे होतं. मेंढवाड्याला फाटक होतं पण आत मेंढरू नव्हतं. लेंड्या वाळून उडाल्या होत्या. म्हाळसाबाई दारात धान्य निवडत होती. तिने वर पाहिलं, ओळखलं, आणि सूप घेऊन आत गेली.

मायाप्पा ओट्यावर बसला होता. त्याचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत धडोत्याने गुंडाळलेला होता. ज्ञानदाला वाटलं, लागलं असेल.

"काय झालं हाताला?"

"कुटं काय? बरा हाय हात," तो म्हणाला. "पर माजा न्हाय त्यो. बोललोय न्हवं का तसं, देवाम्होरं."

आतून थाळी आली. म्हाळसाबाईने भाकरी चुरून दिली होती. मायाप्पा डाव्या हाताने खायला लागला. सवय नसल्यामुळे घास मिशीला लागत होता. बिरोबाची पूजा त्याने चुलतभावाला, बिभीषणला देऊन टाकली होती. मेंढरं बाजारात विकली होती, आणि विकताना तीही दुसऱ्याने हाताळली होती. सोनमला आठ महिन्यांचं पोर होतं, पणतू. ते रांगत रांगत ओट्यापर्यंत आलं तसा तो मागे सरकला आणि म्हणाला, "सोनम, पोरगं घे गं." हे सगळं त्याने नाटक न करता केलं, जसं एखादा लंगडा माणूस पायऱ्या उतरतो.

"बाबा, चूक माझी आहे," ज्ञानदा म्हणाली. तिने हे रस्ताभर घोकलं होतं. "खोटं मी बोलले. तुम्ही नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. देवाला एवढं कळत नसेल का?"

मायाप्पा पाणी प्यायला. "तुमी कुटं भंडारा उचलला, अक्का? तुमी नुसतं व्हय म्हनला. मानसं म्हनत्यात व्हय. अन्ना बी दिसभर म्हनत्यात. मूठ म्या भरली. मी हातानं तपासाया पायजे हुतं. मेंढरू असतं तर तपासलं असतं."

"मी गावात येऊन सांगते. सगळ्यांसमोर."

"आता?" सोनम दारातून म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसता प्रश्न होता. "आता काय सांगनार, ताई? पेपरात आलंय की. चुकून झालं म्हनून."

समोर, घरांच्या फटीतून, माळ दिसत होता. जिथे लिंबाच्या सावलीपलीकडे नुसतं गवत असायचं तिथे काळ्या पाट्यांच्या ओळी होत्या, सगळ्या एका बाजूला कललेल्या. त्यांच्या खालून एक रखवालदार शिटी फुंकत चालला होता.

"एक इचारू का?" मायाप्पा म्हणाला. थाळी त्याने बाजूला सारली होती. "त्या दिशी तुमी सकाळी सकाळी आलता. येवढ्या लांबनं. मला वाटलं साक्षीला आलता. आता रोज बसून इचार करतो. कशाला आलता तुमी?"

"सांगायलाच आले होते," ज्ञानदा म्हणाली. "उचलू नका म्हणून."

मायाप्पा तिच्याकडे बघत राहिला. "मग तुमाला ठावं हुतं."

"हो."

"उबं ऱ्हाऊन बगितलं."

त्याने मान हलवली, एखादा हिशेब जुळल्यासारखी. तिला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त बायकोला म्हणाला, "पावनी निघाली. भंडारा आन."

म्हाळसाबाईने पितळेची ताटली आणून ओट्यावर ठेवली. घरातून जाणाऱ्याच्या कपाळाला भंडारा लावायची त्या घरची रीत होती, आणि तो मायाप्पानेच लावायचा. त्याने गुंडाळलेल्या हाताकडे पाहिलं, मग ताटली डाव्या हाताने तिच्याकडे ढकलली.

"तुमचं तुमी घ्या," तो म्हणाला.

ताटलीत हळद सपाट पसरलेली होती, कुणाचं बोट न लागलेली. म्हाळसाबाई उभी होती, सोनम पोराला कडेवर घेऊन उभी होती. ज्ञानदाने हात पुढे केला. बोटं हळदीच्या वर, वीतभर अंतरावर थांबली. खाली जाईनात, मागेही येईनात. तिची बस पावणेपाचची होती.